ठणठणीत वडिलांच्या मेंदूचा स्कॅन करून डिमेन्शिया आधीच कळेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६८ वर्षांचे, बँकेतून निवृत्त. रक्तदाबाची एक गोळी सोडली तर तब्येत ठणठणीत. घरचा हिशेब, प्रवासाची तिकिटं, भजनी मंडळाचं वेळापत्रक सगळं तेच बघतात. पण आजीला सत्तरीनंतर डिमेन्शिया झाला होता आणि तिची शेवटची वर्षं घरातल्या सगळ्यांनी पाहिली आहेत. आता एका हेल्थ चेकअप पॅकेजमध्ये मेंदूचा एमआरआय आणि सोबत ‘मेमरी अ‍ॅनालिसिस’ मिळतंय. अमेरिकेतला भाऊ म्हणतो, एमआरआयवर भागवू नका, अमायलॉइड पेट स्कॅनच करा, म्हणजे मेंदूत साठणारं अमायलॉइड नावाचं प्रथिन दाखवणारा स्कॅन. तर काय करावं?

माझं उत्तर: आज, या वडिलांसाठी, दोन्ही करू नका. मी न्यूरोरेडिऑलॉजिस्ट आहे, दिवसभर हेच स्कॅन वाचतो, त्यामुळे स्कॅनशी माझं वैर असण्याचं कारण नाही. लक्षणं असलेल्या माणसाचा एमआरआय मी स्वतः आग्रहाने करायला सांगतो. पण लक्षण नसलेल्या माणसाच्या मेंदूत जे दिसतं त्यावरून त्याचं पुढे काय होणार हे सांगता येत नाही, आणि पॅकेज नेमकं तेच विकतंय.

आधी एमआरआयमध्ये मी काय पाहतो ते सांगतो. अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यात नेहमीच्या कारणात, सुरुवातीला मार बसतो तो हिप्पोकॅम्पसला, आठवणी साठवायला लागणाऱ्या भागाला. दोन्ही बाजूंना, कानाच्या आत खोलवर, टेम्पोरल लोबच्या आतल्या कडेला हा भाग असतो. एका बाजूचा आकार साधारण तीन घनसेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या चमच्याच्या आसपास. तो नीट दिसावा म्हणून डोक्याचे कानापासून कानापर्यंतचे उभे काप, समोरून मागे एकामागून एक, घेतात. त्या कापांवर पाणी काळं दिसतं. हिप्पोकॅम्पस आकसायला लागला की आधी त्याच्या आतल्या कडेची फट रुंदावते, मग बाहेरच्या बाजूची पाण्याची पोकळी फुगते, आणि शेवटी त्याची स्वतःची उंची कमी होते. नेदरलँड्सच्या शेल्टेन्स यांनी १९९२ मध्ये यावर शून्य ते चार अशी एक सोपी श्रेणी सुचवली आणि आजही जगभर तीच वापरतात. पंचाहत्तरीच्या आत दोन किंवा जास्त असेल तर लक्ष द्यायचं, त्यापुढे तीन किंवा जास्त. आता गंमत बघा. एकाच फिल्मला मी ‘एक’ म्हणेन आणि शेजारच्या खोलीतला सहकारी ‘दोन’ म्हणेल, आणि दोघांपैकी कोणी फार चुकलेला नसेल. एवढ्या एका आकड्याच्या फरकावर ६८ वर्षांच्या माणसाच्या घरात धाय मोकलून रडारड होऊ शकते.

‘मेमरी अ‍ॅनालिसिस’ म्हणजे बहुतेक वेळा एक सॉफ्टवेअर. ते हिप्पोकॅम्पसचं आकारमान मोजतं, त्याच वयाच्या निरोगी लोकांच्या साठ्याशी ताडून पाहतं आणि ‘तुम्ही अठराव्या पर्सेंटाइलला’ असं रंगीत आलेखात छापून देतं, म्हणजे शंभरातल्या साधारण अठरा जणांचाच याहून लहान. छापील आकडा पाहिला की माणसाला तो वजनकाट्यासारखा खरा वाटतो. पण निरोगी माणसांतच या आकारमानात खूप फरक असतो. वडिलांचा हिप्पोकॅम्पस आज अठराव्या पर्सेंटाइलला असेल तर तो त्यांच्या वयाच्या पंचविसाव्या वर्षीही कदाचित तिथेच असेल. महत्त्वाचा असतो तो घटण्याचा वेग. निरोगी म्हातारपणात वर्षाला साधारण एक-दीड टक्का, अल्झायमरमध्ये तीन ते पाच टक्के. एका स्कॅनवरून वेग कळणार कसा? आणि वर्षाने दुसरा स्कॅन वेगळ्या मशीनवर केला तर मशीनचा फरकच एवढा येतो की खरा फरक त्यात हरवून जातो.

शिवाय तो साठा कोणाचा? बहुतेक सॉफ्टवेअरमधले ‘नॉर्मल’ लोक युरोप-अमेरिकेतले आहेत. हैदराबादच्या आयआयआयटीने २०१९ मध्ये भारतीय मेंदूचा नकाशा तयार केला तेव्हा उंची, रुंदी, आकारमान तिन्हींत आपला मेंदू पाश्चात्त्य नकाशापेक्षा सरासरीने लहान निघाला. बुद्धीशी त्याचा काही संबंध नाही, पण सॉफ्टवेअरच्या हिशेबाशी आहे. डोक्याच्या आकाराची सुधारणा सॉफ्टवेअर करतं, तरी पूर्ण फरक जात नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं सेंटर फॉर ब्रेन रिसर्च कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर तालुक्यात गावकऱ्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करतंय. अशा कामातून आपले ‘नॉर्मल’ आकडे तयार होतील. तोवर पर्सेंटाइलचा आलेख फ्रेम करून लावण्याच्या लायकीचा नाही.

आणि हिप्पोकॅम्पस अल्झायमरमुळेच आकसतो असंही नाही. जुनं नैराश्य, फिट्स, रक्तवाहिन्यांचे विकार, इतर काही वार्धक्यातले आजार, सगळ्यांत तो लहान होऊ शकतो. उलट, अल्झायमरची सुरुवात झालेल्या कित्येकांचा एमआरआय मला वयाच्या मानाने ठीकच दिसतो. म्हणजे रिपोर्ट वाईट आला तरी रोग नक्की नाही, चांगला आला तरी सुटका नक्की नाही.

रिपोर्टमधल्या एका वाक्याबद्दल मात्र मुद्दाम लिहितो, कारण मला येणाऱ्या फोनांपैकी निम्मे त्याच्यावरून असतात: ‘एज रिलेटेड सेरेब्रल अ‍ॅट्रॉफी विथ क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस.’ म्हणजे वयामुळे मेंदू थोडा आकसलाय आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या कमी पुरवठ्याच्या जुन्या खुणा आहेत. घरचे विचारतात, ‘डॉक्टर, बाबांचा मेंदू सुकलाय का?’ नाही हो. पासष्टीपुढच्या बहुतेक रिपोर्टांत हे वाक्य या ना त्या रूपात असतं, आणि त्याचा पहिला अर्धा भाग ‘केस पिकले आहेत’ म्हणण्याइतकाच. दुसऱ्या अर्ध्याकडे थोडं लक्ष द्यायला हवं. पांढऱ्या भागात ठिपके असतील तर ते बहुधा रक्तदाबाचे आणि साखरेचे जुने ओरखडे. थोडे असतील तर वयानुरूप. एकमेकांत मिसळून मोठे पट्टे झाले असतील तर रक्तदाबाच्या गोळ्यांकडे पुन्हा नीट बघायचं. पण त्यासाठी एमआरआय कशाला हवा? रक्तदाब दंडावर पट्टा बांधून मोजता येतोच.

आता न शोधता सापडणाऱ्या गोष्टी. रॉटरडॅममध्ये साध्या लोकवस्तीतल्या २००० माणसांचे एमआरआय केले होते. त्याचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. कुठलाही त्रास नसताना ७.२ टक्के लोकांत जुन्या, न जाणवलेल्या झटक्याची खूण, १.८ टक्क्यांत रक्तवाहिनीचा फुगवटा, १.६ टक्क्यांत साधी, कर्करोगाची नसलेली गाठ. तीन मिलिमीटरचा फुगवटा सापडला की काय होतं ते मी पाहतो. ऑपरेशनचा धोका तो फुटण्याच्या धोक्यापेक्षा जास्त, म्हणून बहुतेकदा काहीच करायचं नसतं. पण माणूस मग बद्धकोष्ठाच्या वेळी जोर द्यायला घाबरतो, विमानात बसायला घाबरतो, आणि दरवर्षी एमआरआयच्या रांगेत उभा राहतो. डिमेन्शियाची भीती घालवायला गेलेला माणूस दुसरीच भीती घेऊन घरी येतो.

भावाच्या सल्ल्याकडे येतो. तो चुकीची माहिती देत नाहीये. अमायलॉइड पेट हे खरोखर मोठं काम आहे. पूर्वी अल्झायमरमधली अमायलॉइडची पुटं मृत्यूनंतर मेंदूचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावरच दिसत. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या क्लंक आणि मॅथिस यांनी या पुटांना चिकटणारा किरणोत्सर्गी रेणू तयार केला आणि २००२ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला इथे जिवंत माणसात तो पहिल्यांदा वापरला. त्यातल्या किरणोत्सर्गी कार्बनचं अर्धायुष्य (निम्मा संपायला लागणारा वेळ) वीस मिनिटांचं, त्यामुळे तो बनवणारं सायक्लोट्रॉन हे यंत्र शेजारीच हवं. पुढे फ्लोरीनवर आधारलेले रेणू आले, ज्यांचं अर्धायुष्य ११० मिनिटं आहे. त्यातल्या फ्लोरबेटापिरला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रक संस्थेने २०१२ मध्ये परवानगी दिली आणि हा स्कॅन रुग्णालयांत पोचला.

तो वाचताना मी चमकणारा भाग शोधत नाही, कडा शोधतो. निरोगी मेंदूतही हा रेणू आतल्या पांढऱ्या भागात थोडा साठतोच. बाहेरच्या करड्या पट्ट्यात तो नसतो. त्यामुळे दोन्हींमधली सीमा झाडाच्या फांद्यांसारखी स्पष्ट दिसते. पुटं साठली की करडा पट्टाही भरतो, फांद्या पुसल्या जातात आणि रंग थेट कवटीच्या आतल्या कडेपर्यंत जातो. अनुभवी डोळ्याला हे बऱ्यापैकी ओळखू येतं. स्कॅन अमायलॉइडबद्दल खोटं बोलत नाही. प्रश्न असा आहे की अमायलॉइड असलं म्हणून काय?

२०१५ मध्ये जगभरातल्या अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली गेली. स्मरणशक्ती पूर्ण चांगली असलेल्या लोकांत अमायलॉइड सापडण्याचं प्रमाण पन्नाशीत सुमारे १० टक्के आणि नव्वदीत ४४ टक्के निघालं. पुटं साठायला लागल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत पंधरा-वीस वर्षंही जातात. तेवढ्या काळात माणूस हृदयविकाराने, कर्करोगाने किंवा नुसता म्हातारपणाने जातो. अमेरिकेतल्या २०१८ च्या एका गणिती अंदाजानुसार ६५ वर्षांच्या, नुसतं अमायलॉइड असलेल्या पण लक्षण नसलेल्या बाईला उरलेल्या आयुष्यात अल्झायमरचा डिमेन्शिया होण्याची शक्यता सुमारे ३० टक्के. पुरुषांमध्ये त्याहून कमी, कारण ते लवकर जातात. म्हणजे ‘पॉझिटिव्ह’ आलेल्या दहांपैकी सात जणी ज्या भीतीत उरलेलं आयुष्य काढतील ती गोष्ट त्यांच्या वाट्याला येणारच नाही.

याची सगळ्यात बोलकी उदाहरणं दोन. अमेरिकेतल्या ६७८ नन्सचा जो प्रसिद्ध अभ्यास झाला, त्यात सिस्टर मेरी १०१ वर्षांपर्यंत जगल्या आणि शेवटपर्यंत स्मरणाच्या चाचण्यांत उत्तम गुण मिळवत राहिल्या. त्यांच्या मेंदूत मात्र पुटं आणि पेशींतले प्रथिनाचे गुंते भरपूर निघाले. दुसरं कोलंबियातलं. तिथल्या एका मोठ्या कुळात अशी जनुकीय खोट आहे की चाळिशीतच विसरायला सुरुवात होते. त्यातल्या एका बाईला ती खोट असूनही सत्तरीपर्यंत लक्षण नव्हतं. तिचा पेट केला तर अमायलॉइड खच्चून भरलेलं, पण टाऊ नावाचं दुसरं प्रथिन अगदी थोडं. तिच्यातल्या दुसऱ्या एका दुर्मीळ जनुकीय बदलाने तिला वाचवलं असं संशोधकांचं म्हणणं आहे. नुसता अमायलॉइड पेट पाहून या दोघींबद्दल मी काय भाकीत केलं असतं, विचार करा.

भाऊ म्हणेल, शक्यता तर शक्यता, आधी कळलं तर आधी औषध सुरू करता येईल. हा युक्तिवाद तपासून झालेला आहे. २०१४ पासून चाललेल्या ए-फोर नावाच्या अभ्यासात ६५ ते ८५ वयाच्या, लक्षण नसलेल्या सुमारे साडेचार हजार लोकांचा अमायलॉइड पेट केला. साधारण ३० टक्क्यांत अमायलॉइड सापडलं. त्यांतल्या ११६९ जणांना सोलानेझुमॅब हे औषध किंवा खोटं सलाईन दिलं, २४० आठवडे, म्हणजे साडेचार वर्षांहून जास्त. २०२३ मध्ये निकाल आला: औषधाने घसरण थांबली नाही, मंदावलीही नाही. हे औषध जुनी पुटं साफ करत नव्हतं, हा आक्षेप रास्त आहे. पुटं साफ करणारी लेकॅनेमॅब आणि डोनानेमॅब ही नवी औषधं निरोगी पण अमायलॉइड असलेल्या लोकांत तपासण्याचं काम त्यासाठीच हाती घेतलं गेलं. त्यातून ठोस फायदा सिद्ध झाला की मी हे उत्तर बदलून लिहीन.

आज ही औषधं मंजूर आहेत ती लक्षणं सुरू झालेल्यांसाठी. लेकॅनेमॅबच्या मुख्य चाचणीत दीड वर्षात घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. ऐकायला मोठं वाटतं, पण अठरा गुणांच्या मोजपट्टीवर हा फरक ०.४५ गुणाचा आहे. औषध घेणाऱ्या १२.६ टक्क्यांच्या मेंदूला सूज आली, बहुतेकांना ती जाणवली नाही, काहींना जाणवली. म्हणून उपचारात पुन्हा पुन्हा एमआरआय करावे लागतात. ठणठणीत माणसाला हे द्यायला कोणाचा हात धजावेल?

थोडं गणितही करू, आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेले. वडिलांसारखे हजार लोक घेऊ. पुढच्या पाच वर्षांत त्यांतल्या वीस जणांना डिमेन्शिया होणार आहे असं धरू. तपासणी फारच उत्तम, दोन्ही बाजूंनी ९० टक्के अचूक आहे असं मानू. ती वीसपैकी अठरा जण पकडेल. आणि उरलेल्या ९८० मधल्या ९८ जणांनाही उगाच पकडेल. म्हणजे ‘पॉझिटिव्ह’ आलेल्या ११६ जणांत खरे अठरा. प्रत्यक्षातला कुठलाही स्कॅन निरोगी माणसांत इतका अचूक नाही.

रक्तातल्या पी-टाऊ २१७ च्या, म्हणजे टाऊ प्रथिनाच्याच एका रूपाच्या, चाचणीबद्दल पुढचा प्रश्न येणारच. मे २०२५ मध्ये अमेरिकेत त्यावर आधारलेल्या चाचणीला परवानगी मिळाली, पण ती ५५ वर्षांपुढच्या, लक्षणं असलेल्या लोकांसाठी आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखाली. पॅकेजवाल्यांच्या यादीत ती दिसली तरी उत्तर तेच. अमेरिकेतल्या अल्झायमर्स असोसिएशनने २०२४ मध्ये हा रोग लक्षणांवरून नव्हे तर अशा जैविक खुणांवरून ठरवावा अशी व्याख्या मांडली, आणि त्यावर बरंच वादंग झालं. पण त्यांनीही लक्षण नसलेल्यांची संशोधनाबाहेर तपासणी करा असं म्हटलेलं नाही.

आणखी एक गोष्ट कुठल्याच मार्गदर्शक तत्त्वांत नसते. घरात एकदा ‘पॉझिटिव्ह’ शब्द आला की वडिलांचा हरवलेला चष्मा हा चष्मा राहत नाही, लक्षण होतं. मुलगा हळूच बँकेचे व्यवहार स्वतःकडे घेतो. सून गॅसपाशी उभं राहू देत नाही. मंडळात कोणीतरी कुजबुजतं. आरोग्य विम्याच्या अर्जात आधीच्या तपासण्या विचारतात तो भाग वेगळाच. एवढं सगळं कशाच्या बदल्यात, तर ज्यावर आज औषध नाही अशा एका शक्यतेच्या.

मग स्कॅन कधी? बदल दिसला की लगेच, आणि तेव्हा मात्र चालढकल नको. नाव न आठवणं, खोलीत येऊन कशाला आलो ते विसरणं, हे सगळ्यांचंच होतं. पण बँकेत आयुष्य घालवलेला माणूस पासबुकाच्या बेरजेत अडकायला लागला, तोच प्रश्न अर्ध्या तासात तिसऱ्यांदा विचारू लागला, रोजच्या रस्त्यावर चुकला, पाठ असलेल्या अभंगाच्या मध्येच थांबून पुढचं चरण शोधू लागला, शांत माणूस अचानक तिरसट किंवा निर्लज्ज वागू लागला, तर न्यूरोलॉजिस्टला दाखवा. बऱ्याचदा बदल त्या माणसाला कळत नाही, बायकोला कळतो. तिचं ऐका. तेव्हा एमआरआय सोन्यासारखा उपयोगी पडतो, आणि गंमत म्हणजे अल्झायमर दाखवण्यापेक्षा अल्झायमर नसलेलं काही सापडलं तर जास्त. रक्त पातळ होण्याची गोळी घेणारे आजोबा न्हाणीघरात घसरतात, थोडंसं डोकं आपटतं, सगळे विसरून जातात, आणि काही आठवड्यांनी ते गोंधळल्यासारखे वागू लागतात. कवटीखाली साठलेलं जुनं रक्त स्कॅनवर दिसतं, काढून टाकता येतं, आणि माणूस परत माणसात येतो. मेंदूतलं पाणी वाढणं, काही गाठी, यांचंही तसंच. त्याच भेटीत बी-१२ आणि थायरॉइड तपासतात, कारण त्यांच्या कमतरतेनेही विस्मरण होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. याज्ञिक यांच्या गटाने आपल्याकडे बी-१२ ची कमतरता किती सर्रास आहे हे दाखवून दिलंय. शाकाहारी असेल आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असेल तर लक्षणांची वाटही पाहू नका.

एक अपवाद. घरात साठीच्या आतच दोन-तीन पिढ्यांत डिमेन्शिया झाला असेल तर प्रकरण वेगळं, पण तिथेही सुरुवात स्कॅनने नाही, जनुकीय समुपदेशनाने करायची. तुमच्या आजीला सत्तरीनंतर झाला. त्याने वडिलांची जोखीम काही प्रमाणात वाढते, ठरून जात नाही.

पॅकेजचे पैसे खर्च करायचेच असतील तर कानांवर करा, कारण ऐकू कमी येण्याचा डिमेन्शियाशी संबंध आहे. ऑडिओमेट्री करून घ्या आणि गरज असेल तर मशीन लावायला लावा. आपल्याकडे पुरुषांना चष्म्याची लाज वाटत नाही, कानाच्या मशीनची वाटते, हे मला आजतागायत समजलेलं नाही. २०२३ च्या एका मोठ्या चाचणीत मशीनचा फायदा सरसकट सगळ्यांत दिसला नाही, पण बुद्धी घसरण्याची जोखीम आधीच जास्त असलेल्या गटात तीन वर्षांतली ही घसरण जवळपास निम्म्यावर आली. वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवल्यावर सौम्य विस्मरणाचं प्रमाण जवळपास एकपंचमांशाने कमी झाल्याचं २०१९ मध्ये दिसलं. मात्र या वयात तो किती खाली आणायचा हे वडिलांच्या डॉक्टरनेच ठरवावं, उगाच गोळी वाढवून चक्कर येऊन पडायला नको. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी चौदा कारणं मोजली आणि जगातले सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया त्यांच्याशी जोडले. हा आकडा समाजाचा आहे, एका माणसाची हमी नाही. त्यात खराब कोलेस्टेरॉल आणि नजर अधू होणं ही नवी भर होती, म्हणजे रखडलेलं मोतीबिंदूचं ऑपरेशनही उरकून घ्या.

आणि पॅकेज आधीच घेतलं असेल, एमआरआय होऊन गेला असेल, तर घाबरू नका आणि पर्सेंटाइलचा आलेख नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. फक्त रिपोर्टच्या कागदासोबत मूळ सीडी मागून घ्या आणि तिची कॉपी संगणकावर ठेवा, कारण सीडी खराब होतात आणि सेंटर ठरावीक काळानंतर जुने स्कॅन काढून टाकतात. पुढे कधी खरंच काही जाणवलं आणि दुसरा स्कॅन करावा लागला, तर तो शक्यतो त्याच मशीनवर करा आणि वाचणाऱ्याच्या हातात दोन्ही द्या.